विंडोज ११ चं येणारं अपडेट आणि गावातले कॉम्प्युटर: वेगाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपले सरकार सेवा केंद्र, ग्रामपंचायत, जिल्हा परिषदेची शाळा, कृषी केंद्र, मुलांच्या अभ्यासासाठी घेतलेला घरचा लॅपटॉप. विदर्भातल्या गावांत कॉम्प्युटर मुख्यतः याच ठिकाणी चालतात, आणि त्यातले बरेच अजून विंडोज १० वर किंवा विंडोज ११ च्या जुन्या आवृत्तीवर आहेत. त्यांना आज ना उद्या मोठं अपडेट टाकावंच लागणार. ते टाकल्यावर मशीन फास्ट होणार का, हा प्रश्न सगळीकडून येतो. पंधरा किलोमीटरवरून दाखल्यासाठी आलेला माणूस बाकावर बसलेला असतो आणि स्क्रीनवर गोल फिरत राहतं, तेव्हा त्याची त्या दिवसाची मजुरी बुडते. म्हणून या प्रश्नाची उत्तरं जरा सविस्तर दिली आहेत.

भाऊ, अपडेट टाकलं की कॉम्प्युटर खरंच फास्ट होईल का?

तुम्ही आज कोणत्या आवृत्तीवर आहात त्यावर ते अवलंबून आहे. सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’ आणि त्याखाली ‘अबाउट’ उघडा, तिथे आवृत्ती लिहिलेली दिसेल.

तिथे २४एच२ (स्क्रीनवर 24H2, म्हणजे २०२४ च्या दुसऱ्या सहामाहीतली आवृत्ती) दिसत असेल आणि तुम्हाला २५एच२ येणार असेल, तर वेगात फरक पडणार नाही. १ ऑक्टोबर २०२४ ला आलेलं २४एच२ आणि ३० सप्टेंबर २०२५ ला आलेलं २५एच२ यांचा गाभा एकच आहे. नव्या गोष्टींच्या फाइल्स दर महिन्याच्या अपडेटमधून आधीच मशीनवर येऊन बंद अवस्थेत पडलेल्या असतात. २५एच२ चं छोटं पॅकेज त्या चालू करतं, एक रीस्टार्ट होतं आणि काम संपतं.

२३एच२ किंवा त्याआधीची आवृत्ती असेल तर गोष्ट वेगळी. तिथे जवळजवळ पूर्ण विंडोज नव्याने बसतं, त्यामुळे डाउनलोडही मोठं आणि वेळही जास्त. फायदा दिसतो तो इथे, आणि विंडोज १० वरून येणाऱ्यांना. पण हा फायदा मशीनमध्ये एसएसडी (आत काहीच न फिरणारी, वेगवान डिस्क) आणि पुरेशी रॅम असेल तरच हाताला लागतो. जुन्या हार्ड डिस्कवर ४ जीबी रॅम घेऊन बसलेला कॉम्प्युटर विंडोज ११ टाकल्यावर आहे त्यापेक्षा हळू होण्याचीच शक्यता जास्त. हे स्पष्ट सांगायला हवं, कारण ‘अपडेट मारून घ्या, मस्त चालेल’ असं सांगून पैसे घेणारे बरेच भेटतात.

मग नेमकं सुधारलं काय?

सगळ्यात जाणवणारी सुधारणा अपडेट बसण्याच्या वेळेत आहे. दर महिन्याचं अपडेट बसवताना विंडोज प्रत्येक घटकाची माहिती-फाइल वाचतं आणि काय बदलायचं ते ठरवतं. २४एच२ पासून या फाइल्स एकाच वेळी अनेक वाचल्या जातात, आणि रॅम जास्त असेल तर तीही या कामाला लावली जाते. डाउनलोडही घटलं, कारण सुरुवातीपासूनचे सगळे बदल पुन्हा पुन्हा न उतरवता मधल्या एका टप्प्यापासून पुढचेच बदल उतरवण्याची सोय झाली. मोबाइलच्या नेटवर केंद्र चालवणाऱ्याला याचं मोल वेगळं सांगायला नको. सकाळी दार उघडलं आणि मशीन ‘अपडेट सुरू आहे, बंद करू नका’ म्हणत अर्धा तास अडून बसली, हे प्रसंग कमी होतात.

दुसरी सुधारणा विंडोज ११ मध्ये पहिल्यापासून आहे. समोर जो प्रोग्राम उघडा आहे त्याला प्रोसेसरचा वेळ आधी मिळतो, मागे चाललेल्यांना नंतर. मागे बॅकअप किंवा अँटिव्हायरसची तपासणी चालू असताना समोर फॉर्म भरत असाल तर ते कळतं. एज ब्राउझरमध्ये वापरात नसलेले टॅब झोपवले जातात आणि त्यांनी अडवलेली रॅम मोकळी होते. महाऑनलाइन, महाभूमी, पीक विमा, बँक असे दहा टॅब दिवसभर उघडे ठेवणाऱ्यांना त्याचा उपयोग आहे.

२४एच२ मध्ये एनर्जी सेव्हर (वीज वाचवण्याची सोय) हाही बदलला. तो आता डेस्कटॉपवरही चालतो आणि लॅपटॉप चार्जिंगला असतानाही चालू ठेवता येतो. उन्हाळ्यात हा पर्याय कामाचा आहे, त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

आणखी दोन गोष्टी २०२५ च्या अखेरीस चाचणी-आवृत्तीत दिसल्या. एक, फाइल एक्सप्लोरर मागे आधीच तयार ठेवायचा म्हणजे क्लिक केल्याबरोबर उघडेल. दुसरी, फाइल शोधताना तेच काम दोनदा होत होतं ते टाळायचं. चाचणीतली प्रत्येक गोष्ट सगळ्यांपर्यंत जशीच्या तशी पोचते असं नाही. पहिली पोचलीच तर कमी रॅमच्या मशीनवर फोल्डर ऑप्शन्समध्ये जाऊन बंद करा, कारण तयार ठेवलेली खिडकी थोडी रॅम अडवते.

माझ्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ चालेल का?

मायक्रोसॉफ्टच्या अटी अशा: ६४ बिटचा, किमान दोन कोअरचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) आणि टीपीएम २.० (सुरक्षेच्या चाव्या सांभाळणारा भाग). प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा, एएमडीचा असेल तर रायझन २००० मालिकेपासूनचा. ३२ बिटचं विंडोज ११ निघालेलंच नाही. मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत ॲप टाकलं की अडचण कुठे आहे ते मशीनच सांगते.

टीपीएम नाही असं दाखवलं तर लगेच निराश होऊ नका. बऱ्याच मशीनवर तो असतो पण बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) बंद असतो. इंटेलच्या बोर्डावर तो पीटीटी नावाने सापडतो, एएमडीवर एफटीपीएम नावाने. चालू करा आणि पुन्हा तपासा.

अट चुकवून विंडोज ११ बसवण्याचे मार्ग आहेत, आणि तालुक्याच्या ठिकाणी ते करून देणारेही आहेत. सेवा केंद्राच्या मशीनवर ते करू नये असं माझं ठाम मत आहे. अशा मशीनला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि तुमच्याकडे लोकांचे आधार, बँक पासबुक, जमिनीचे कागद असतात. शाळेत अजून धूळ खात असलेल्या कोअर टू ड्युओ मशीनचा तर प्रश्नच मिटला. २४एच२ पासून विंडोजला प्रोसेसरमध्ये ज्या सूचना लागतात त्या त्यांच्यात नाहीतच, त्यामुळे युक्ती करूनही तिथे ते सुरू होत नाही.

डिस्क शंभर टक्के दाखवते आणि सगळं अडकते. अपडेटने जाईल का?

जाणार नाही. विदर्भातल्या गावात ‘कॉम्प्युटर स्लो आहे’ अशी जी तक्रार येते, तिच्यामागे बहुतेक वेळा हीच गोष्ट असते, म्हणून इथे जरा थांबून वाचा.

टास्क मॅनेजर (कोणता प्रोग्राम किती ताकद खातोय ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडून ‘परफॉर्मन्स’मध्ये डिस्कवर क्लिक करा. तिथे एचडीडी लिहिलं असेल तर तुमच्याकडे फिरती हार्ड डिस्क आहे. तिच्या आत तबकडी फिरते आणि एक सुईसारखा भाग पुढेमागे सरकून माहिती वाचतो. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये एका फेरफारासाठी चार कपाटांतले चार बस्ते काढावे लागतात, तशी विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फाइल्स डिस्कच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून गोळा कराव्या लागतात. अशी विखुरलेली वाचनं फिरती डिस्क सेकंदाला साधारण शंभर-दीडशे करू शकते. साधी साटा (जुन्या हार्ड डिस्कच्याच जोडणीवर चालणारी) एसएसडी तेच काम सेकंदाला हजारोंनी करते, कारण तिच्यात सरकणारं काहीच नाही. विंडोज १० आणि ११ दोन्ही मागे सतत काहीतरी वाचत-लिहीत असतात. अपडेट तपासणं, इंडेक्स करणं, व्हायरस शोधणं हे सगळं चालूच राहतं, आणि डिस्क त्यातच गुंतून पडते. कोणतंही अपडेट तबकडी जास्त जोरात फिरवू शकत नाही.

त्यामुळे पैसे एकाच गोष्टीवर खर्च करायचे असतील तर एसएसडी घ्या. २४० किंवा २५६ जीबीची चालते. जुन्या डेस्कटॉपमध्येही साटाची जागा असते, लॅपटॉपमध्ये जुन्या डिस्कच्याच खाचेत ती बसते. जुनी हार्ड डिस्क फेकू नका, स्कॅन केलेली कागदपत्रं आणि फोटो ठेवायला ती दुसरी डिस्क म्हणून राहू द्या. विंडोज जशीच्या तशी एसएसडीवर कॉपी करता येते, पण दुकानदाराने आधीच टाकून दिलेलं, ॲक्टिव्हेटर (बिनपरवान्याचं विंडोज परवान्याचं भासवणारा प्रोग्राम) मारलेलं विंडोज असेल तर या निमित्ताने स्वच्छ, परवान्याचं विंडोज टाका. त्या ॲक्टिव्हेटरसोबत काय काय आत आलं हे बाहेरून कळत नाही. एसएसडी बिलावर, वॉरंटीची आणि माहीत असलेल्या कंपनीची घ्या. बिननावाच्या स्वस्त एसएसडी आतून जाहीर केलेल्यापेक्षा लहान निघू शकतात, आणि मग लोकांचा डेटा जातो.

ग्रामपंचायतीत सरपंच, ग्रामसेवकांना सांगताना एवढंच सांगा की नवीन मशीनच्या काही हिस्स्याच्या खर्चात आहे तीच मशीन आणखी काही वर्षं नीट चालेल.

रॅम ४ जीबी आहे, वाढवावी का?

वाढवता येत असेल तर ८ जीबी करा. ४ जीबीवर विंडोज ११ चालू होतं, पण ब्राउझर उघडला की रॅम संपते आणि विंडोज डिस्कवरच तात्पुरती जागा वापरायला लागतं. हार्ड डिस्क असेल तर मग सगळं थबकतं. क्रम असा ठेवा: आधी एसएसडी, मग रॅम. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढले आहेत, त्यामुळे घेण्याआधी दोन-तीन दुकानांत विचारा. नागपूर-अमरावतीला जाणारं कोणी असेल तर त्याच्याकडून भाव काढून घ्या. जुन्या मशीनला डीडीआर ३ लागते की डीडीआर ४ हे आधी पाहा, एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही.

मे महिन्यात दुपारी मशीन मंद होते, सकाळी ठीक चालते. हा विंडोजचा दोष आहे का?

विंडोजचा नाही, उन्हाचा आहे. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा इथे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाणं नवं नाही. बहुतेक लॅपटॉप साधारण ३५ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेले असतात. टिनाच्या छताखालच्या खोलीत दुपारी किती होतं ते तुम्हाला माहीतच आहे. प्रोसेसर तापून आपल्या मर्यादेजवळ गेला की स्वतःला वाचवण्यासाठी तो आपोआप वेग कमी करतो. कोणतंही अपडेट ते बदलू शकत नाही आणि बदलूही नये.

दुसरं कारण धूळ, आणि आपल्याकडची धूळ साधी नसते. वेचणीच्या दिवसांत घरात कापूस भरलेला असतो, जिनिंग जवळ असेल तर हवेत रुईचे तंतू असतात. हे तंतू पंख्याच्या मागच्या जाळीवर चिकटून नमद्यासारखा थर करतात. फुफाटा नुसता उडून जातो, हा थर जात नाही. दिवाळीनंतर एकदा आणि होळीच्या आधी एकदा मशीन उघडून ब्रशने आणि ब्लोअरने साफ करा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर उलटं फिरून पंखा खराब होतो. मशीन पाच-सहा वर्षं जुनी असेल तर प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळलेली असते, ती बदलून घ्या. ही पेस्ट स्वस्तच मिळते, आणि उन्हाळ्यातल्या दुपारी तिचा जेवढा फरक पडतो तेवढा कोणत्याही सेटिंगने पडत नाही.

कूलरबद्दल. माणसाला कूलर हवाच, पण त्याचा झोत कॉम्प्युटरवर सोडू नका. ताट्यांतून येणारी हवा ओली असते, आणि बोअरच्या खाऱ्या पाण्याचे बारीक थेंब पंख्यातून थेट मदरबोर्डवर जाऊन पांढरे डाग धरतात. कूलरसमोर माणूस बसू द्या, मशीन बाजूला भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. नवतपाच्या दिवसांत (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) एनर्जी सेव्हर चालू ठेवा. वेग किंचित कमी राहील, पण दिवसभर एकसारखा राहील. दुपारी अचानक अडकणाऱ्या मशीनपेक्षा ते बरं.

अपडेट चालू असताना लाइन गेली तर?

लॅपटॉपला बॅटरी असेल तर फार चिंता नको. डेस्कटॉपला यूपीएस हवाच, आणि तो जिवंत हवा. बॅटरी उतरलेला यूपीएस बऱ्याच टेबलांखाली नुसता प्लग म्हणून वापरला जातो. साधा यूपीएस दहा-पंधरा मिनिटं तग धरतो, मोठ्या अपडेटला ती पुरत नाहीत. म्हणून इन्व्हर्टरवर टाका, किंवा महावितरणने ठरवलेल्या बंदची वेळ पाहून ज्या रात्री लाइन टिकते तेव्हा सुरू करा. वादळाच्या दिवशी बिलकुल नको.

मध्येच बंद पडलंच तर बहुतेक वेळा विंडोज पुढच्या वेळी ‘बदल मागे घेत आहोत’ म्हणून जुन्या स्थितीला येतं. त्याला वेळ लागतो, घाबरून पुन्हा पुन्हा बटण दाबू नका. पण बहुतेक वेळा म्हणजे प्रत्येक वेळी नव्हे, त्यामुळे आधी बॅकअप घ्याच.

नेट मोबाइलचं आहे. चार-पाच जीबी कसं उतरवायचं?

वाय-फायच्या सेटिंगमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करा. मग विंडोज बहुतेक अपडेट परवानगीशिवाय उतरवत नाही, आणि दुपारी गर्दीच्या वेळी सगळा डेटा संपत नाही. ग्रामपंचायतीला भारतनेट (सरकारी फायबर इंटरनेट) चालू असेल तर रात्री तिथे जोडून उतरवा.

शाळेत किंवा केंद्रात एकाहून जास्त मशीन असतील तर ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ ही सोय वापरा. विंडोज अपडेटच्या प्रगत पर्यायांत ती आहे. ‘स्थानिक नेटवर्कवरील उपकरणं’ एवढाच पर्याय निवडा. मग एका मशीनने उतरवलेला भाग दुसरी तिच्याकडून घेते. इंटरनेटवरच्या इतर मशीनचा पर्याय घेऊ नका, त्यात तुमचा डेटा बाहेरच्यांना पाठवण्यात जाईल.

तिसरा मार्ग पेनड्राइव्हचा. ज्याच्याकडे चांगलं नेट आहे त्याच्याकडे मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज ११ तयार करून घ्या, आणि आपल्या मशीनवर विंडोज चालू असतानाच तिथून सेटअप चालवा. फाइल्स आणि प्रोग्राम जागेवर राहतात. पेनड्राइव्ह मूळ साइटवरूनच बनवलेला असावा, कोणीतरी दिलेला नको.

अपडेट कधी टाकावं?

मोठं अपडेट वर्षातून एकदा येतं, २०२४ आणि २०२५ मध्ये ते सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला आलं. म्हणजे सोयाबीनच्या सोंगणीच्या तोंडावर. पहिल्याच दिवशी घ्यायची गरज नाही. होम आणि प्रो आवृत्तीला प्रत्येक मोठ्या अपडेटवर २४ महिने सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात. २४एच२ साठी ती मुदत १३ ऑक्टोबर २०२६ ला संपते, २५एच२ साठी १२ ऑक्टोबर २०२७ ला.

सेवा केंद्राने जून आणि जुलै टाळावेत. आपल्याकडे शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे उत्पन्नाचे आणि जातीचे दाखले, नॉन-क्रिमिलेअर यांची गर्दी आणि खरिपाच्या विम्याची गर्दी एकमेकांवर येते. मार्चअखेर ग्रामपंचायतीने टाळावा. पोळ्यानंतरचे दिवस किंवा जानेवारी-फेब्रुवारी बरे. विंडोज अपडेट पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं, आणि ‘ॲक्टिव्ह अवर्स’मध्ये केंद्राच्या वेळा टाकल्या की त्या वेळात ते स्वतःहून रीस्टार्ट होत नाही. मासिक सुरक्षा-दुरुस्त्या मात्र महिनोन् महिने अडवून ठेवू नका.

अपडेट झालं आणि उलट जास्तच स्लो झालं!

दोन-तीन दिवस थांबा. नवं विंडोज सगळ्या फाइल्सची सूची नव्याने करतं, व्हायरस तपासणी होते, ॲप्स स्वतःला अपडेट करतात. संध्याकाळी केंद्र बंद केल्यावर मशीन एक-दोन रात्री चालू ठेवली तर हे काम लवकर उरकतं. त्यानंतरही तसंच असेल तर टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ यादीतून नको असलेले प्रोग्राम बंद करा. प्रिंटरचे मदतनीस, जुने मेसेंजर, ट्रायल अँटिव्हायरस तिथे बसलेले असतात. अंगठ्याच्या मशीनची आरडी सेवा (आधारसाठी अंगठा सुरक्षितपणे पाठवणारा प्रोग्राम) मात्र बंद करू नका.

थंब मशीन, प्रिंटर, डिजिटल सही चालेल ना?

वेगाच्या नादात हा प्रश्न राहून जातो आणि दुसऱ्या दिवशी केंद्रच बंद पडतं. अपडेटच्या आधी बोटांच्या स्कॅनरचा ड्रायव्हर (उपकरण विंडोजला जोडणारं सॉफ्टवेअर) आणि आरडी सेवा, प्रिंटर-स्कॅनरचे ड्रायव्हर, डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर हे सगळं त्या त्या कंपनीच्या साइटवरून, विंडोज ११ साठीचं, पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा. मोठ्या अपडेटनंतर यातलं एखादं पुन्हा टाकावं लागू शकतं.

इंटरनेट एक्सप्लोरर विंडोज ११ मध्ये नाही. एखादी जुनी सरकारी साइट त्यातच चालत असेल तर एजमध्ये ‘आयई मोड’ आहे. वर्डपॅड २४एच२ पासून काढलं आहे, त्यात अर्जाचे नमुने ठेवले असतील तर ते आधीच वर्ड किंवा लिब्रेऑफिसमध्ये घ्या. दोन केंद्रचालक शेजारी असाल तर एकाने आधी टाकावं, आठवडाभर सगळं चालतं ते पाहावं, मग दुसऱ्याने.

मराठी फॉन्ट जातील का?

तुम्ही स्वतः टाकलेले कृतीदेव, श्रीलिपी वगैरे अपडेटमध्ये सहसा राहतात. स्वच्छ इन्स्टॉल केलं तर ते जातात, म्हणून फॉन्टचं फोल्डर बॅकअपमध्ये घ्या. मंगल, कोकिला, अपराजिता हे फॉन्ट आता ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ नावाच्या ऐच्छिक गटात असतात. जुना ठराव उघडला आणि अक्षरं वेगळी दिसली तर सेटिंग्जमधल्या ऐच्छिक सुविधांतून तो गट टाका, किंवा मराठी भाषा जोडा. तोही नेटवरूनच उतरतो.

स्वच्छ इन्स्टॉल केलं तर डिस्क लॉक होते असं ऐकलं, खरं आहे का?

२४एच२ पासून नव्याने बसवलेल्या विंडोजमध्ये, मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरुवात केली तर, डिस्क आपोआप कूटबद्ध (चावीशिवाय वाचता न येणारी) होऊ शकते. त्याची ४८ आकडी चावी त्या खात्यात जाते. आहे त्याच विंडोजवर अपडेट घेतलं तर हे आपसूक होत नाही.

सोय चांगली आहे. लॅपटॉप चोरीला गेला तर लोकांची कागदपत्रं वाचतात. धोका एवढाच की विंडोज टाकून देणारा मुलगा घाईत स्वतःच्या खात्याने सुरुवात करतो, किंवा तिथल्या तिथे एक ईमेल काढतो आणि पासवर्ड कोणालाच आठवत नाही. पुढे बायोस बदलला किंवा बोर्ड गेला की मशीन ती चावी मागते, आणि चावी नसेल तर डेटा कोणीही काढून देऊ शकत नाही. म्हणून खातं केंद्राच्या नावाचं, तुमच्या नंबरचं ठेवा. चावी कागदावर छापा आणि घरातल्या कागदपत्रांसोबत ठेवा, मशीनच्या पिशवीत नको.

सुरक्षेची सेटिंग बंद केली तर वेग वाढतो म्हणतात. करू का?

‘मेमरी इंटिग्रिटी’ नावाची एक सुरक्षा आहे. तिच्यामुळे थोडा वेग जातो हे खरं, आणि गेम खेळणाऱ्यांना ती बंद कशी करायची हे मायक्रोसॉफ्टनेच सांगितलं आहे. घरच्या गेमिंग मशीनवर तुमची मर्जी. ज्या मशीनवर दुसऱ्याचा अंगठा लागतो आणि खात्यातून पैसे निघतात, तिथे ती चालूच ठेवा. मिळणारा वेग तुमच्या कामात जाणवणारही नाही. एका क्लिकवर विंडोज फास्ट करून देणारी सॉफ्टवेअर आणि स्क्रिप्ट वापरू नका. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगची नोंदवही) साफ करून वेग वाढत नाही, आणि त्या नादात अपडेट किंवा प्रिंटची सेवा बंद पडली की दुरुस्तीला दिवस जातो.

विंडोज १० वरच राहिलो तर?

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन चालते, पण नव्या छिद्रांना ठिगळ मिळत नाही. घरगुती वापराच्या मशीनला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा-दुरुस्त्यांची सोय आहे. विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती हवी आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने नोंदणी करावी लागते. त्याने वेग वाढत नाही, एसएसडीसाठी पैसे जमवायला वेळ मिळतो.

ज्या मशीनवर काहीच बसत नाही तिचं काय?

शाळेतल्या मशीनसाठी लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली) टाका. एक्सएफसीई (हलका डेस्कटॉप) असलेलं लिनक्स मिंट ४ जीबी रॅमवर बरं चालतं, मिंट २२ ला २०२९ पर्यंत आधार आहे. सी-डॅकचं बॉस लिनक्सही आहे, त्यात भारतीय भाषांची सोय पाहून केलेली आहे. मुलांना टायपिंग, लिब्रेऑफिस, स्क्रॅच, इंटरनेट शिकवायला एवढं पुरतं. मराठी युनिकोड टायपिंगही होतं. सेवा केंद्राच्या मुख्य कामासाठी मात्र बोटांचे स्कॅनर आणि सहीची टोकन चालवणारी सॉफ्टवेअर बहुतेक विंडोजसाठीच असतात, तिथे लिनक्सचा हट्ट धरू नका.

नाही जमलं तर मागे जाता येतं का?

मोठ्या अपडेटनंतर १० दिवस. सेटिंग्जमध्ये ‘रिकव्हरी’त ‘गो बॅक’ हा पर्याय असतो. जुनं विंडोज तोपर्यंत सी ड्राइव्हवर एका फोल्डरमध्ये ठेवलेलं असतं आणि बरीच जागा अडवतं. जागा कमी पडते म्हणून ते डिस्क क्लीनअपने आधीच उडवलं तर हा रस्ता बंद होतो. त्यामुळे पहिल्या आठवड्यातच एक दाखला छापून पाहा, एक अंगठा घेऊन पाहा, एक सही करून पाहा, पासबुक प्रिंटर असेल तर एक पान काढा. काही अडलं आणि दोन दिवसांत सुटलं नाही, तर दहा दिवसांची वाट न पाहता मागे जा. मागे जातानाही लाइन आणि यूपीएस तेवढेच सांभाळावे लागतात. २५एच२ च्या छोट्या पॅकेजसाठी हे फोल्डर बनत नाही, ते अपडेटच्या इतिहासातून काढून टाकता येतं आणि मशीन पुन्हा २४एच२ वर येते.